पापांगीकार वगळून स्तुती होत नाही

गेल्या काही वर्षांत मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाद वारंवार ऐकू येतो आणि दर वेळी तो भलत्याच जागी अडकून बसतो. तरुण संघाचे म्हणणे असते की रविवारच्या उपासनेत स्तुती-आराधनेला अधिक वेळ द्या. अर्धा तास सलग गाऊ द्या, कीबोर्ड-गिटार-ड्रम असू द्या, गीतांचे शब्द पडद्यावर दिसू द्या, आणि तो उदास पापांगीकार (सगळ्यांनी मिळून पापे कबूल करण्याची प्रार्थना) एकदाचा आटोपता घ्या. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असते की उपासना म्हणजे ऑर्केस्ट्रा नव्हे. 'उपासना संगीता'तली गीते, ठरलेला क्रम, पापांगीकार, मग वचन, हेच देवाच्या घराला शोभते. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळीच्या बैठकीत हा विषय निघाला की थोड्याच वेळात गाडी आवाज किती असावा आणि ड्रम कुठे ठेवावेत यावर येते. एक बाजू दुसरीला 'थंड' म्हणते, दुसरी पहिलीला 'उथळ' म्हणते. आपण देवापुढे नेमके कशासाठी उभे राहतो, हा मूळ प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. देवाची स्तुती आणि स्वतःच्या जीवनाची झडती ही एकमेकांच्या वेळेवर डोळा ठेवून बसलेली दोन कलमे नाहीत. खरी झडती स्तुतीतच सुरू होते, आणि झडतीपर्यंत न पोचलेली स्तुती अर्ध्या वाटेवर थांबलेली असते. त्यामुळे पापांगीकार वगळणे किंवा कसाबसा उरकणे याला मी सुधारणा म्हणणार नाही. त्याने मंडळीचे नुकसान होते. आणि गांभीर्याच्या नावाखाली गाणे छाटणाऱ्यांकडूनही तेच नुकसान दुसऱ्या दाराने होते.

वाद्यांचा मुद्दा आधी बाजूला करू, कारण त्यात फारसे काही नाही. आज ज्या पेटी-तबल्याला आपण आपली परंपरा म्हणतो, ती एके काळी नवीच होती. एकोणिसाव्या शतकात आपले लोक बऱ्याच अंशी परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गात. अभंग, भजन, कीर्तन ही ख्रिस्ती उपासनेत आली ती हळूहळू, आणि नारायण वामन टिळकांसारख्या माणसामुळे घट्ट रुजली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रात कर्णा, वीणा, डफ, नृत्य, तंतुवाद्ये, बासरी, झांजा, सगळे आहे. कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, यरुशलेमात आणला तेव्हा दावीद राजा देहभान विसरून नाचला, आणि खिडकीतून बघणाऱ्या त्याच्या बायकोला, मीखलेला, ते राजाला न शोभणारे वाटले. पवित्र शास्त्राची सहानुभूती त्या प्रसंगात मीखलेकडे नाही, एवढे आमच्या पिढीने लक्षात ठेवलेले बरे. गिटारने कोणाचा विश्वास बुडत नाही आणि पेटीने कोणाचा तरत नाही. हा विषय इथेच संपला असता, पण वाद्यांच्या आडून एक खरा प्रश्न डोकावतो आहे: गाणे संपल्यावर माणसाचे काय होते?

यशयाच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तर आहे. उज्जीया राजा मेला त्या वर्षी यशया संदेष्टा मंदिरात आहे. सराफीम, म्हणजे देवाच्या सिंहासनाजवळचे देवदूत, एकमेकांना साद घालत 'पवित्र, पवित्र, पवित्र' म्हणत आहेत, त्या आवाजाने उंबरठे हादरत आहेत, मंदिर धुराने भरले आहे. यशयाला कोणी रागावलेले नाही. कोणी दहा आज्ञा वाचून दाखवलेल्या नाहीत, कोणी त्याच्याकडे बोट केलेले नाही. त्याने फक्त स्तुती ऐकली आहे. आणि ती ऐकताक्षणी तो म्हणतो की मी आता संपलो, कारण मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे आणि अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो. त्याला स्वतःचे ओठच दिसले, हे पाहा. ज्या ओठांनी त्या स्तुतीत सामील व्हायचे, ते ओठ आपण कशाकशासाठी वापरले हे त्याला त्या क्षणी कळले. मग वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागतो, दोष दूर होतो, आणि 'कोणाला पाठवू?' या प्रश्नावर तोच माणूस 'मला पाठव' म्हणतो. स्तुती, झडती, क्षमा, काम. अवघ्या आठ ओव्यांत हे सगळे घडते. यातली पहिली पायरी काढली तर दुसरी येणार कुठून? आणि दुसरी काढली तर निखारा लावायचा कशाला?

139 व्या स्तोत्राचा बांधा याहून धीट आहे. चोवीस ओव्यांपैकी पहिल्या अठरा स्तुतीच्या आहेत. मी बसतो-उठतो ते तू जाणतोस, स्वर्गात चढलो तरी तू तिथे आहेस, आईच्या उदरात तू मला घडवलेस. हा भाग आपण नामकरणाला वाचतो, अंत्यविधीला वाचतो, तसबिरीवर छापतो. पुढच्या चार ओव्या मात्र बहुधा गाळतो, कारण त्यांत स्तोत्रकर्ता एकदम उसळून म्हणतो की देवा, दुष्टांना मारून टाक, तुझे वैरी ते माझे वैरी, मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो. आणि तेवढ्यात, श्वासही न घेता, तो वळतो: देवा, माझी झडती घे, माझे हृदय जाणून घे, माझ्यात काही वाईट वाट आहे का ते बघ. दुसऱ्यांच्या नाशाची मागणी केलेल्या तोंडानेच तो स्वतःची झडती मागतो. ज्या देवाला गर्भातले सांगाडेही दिसतात त्याला माझ्या या संतापाच्या तळाशी काय आहे तेही दिसत असणार, हे त्याला गाता गाताच सुचले असावे. मधल्या चार ओव्या वगळून हे स्तोत्र वाचले की झडतीचे कारणच नाहीसे होते.

कॅथलिक परंपरेत सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली तीही याच क्रमाची आहे. तिच्या पाच पायऱ्या आहेत. देवाने दिलेल्या दानांबद्दल आभार मानणे, पाप ओळखण्याची कृपा मागणे, दिवसाचा तासातासाने हिशेब घेणे, क्षमा मागणे आणि सुधारण्याचा निश्चय करणे. आभार पहिल्या जागी आहेत, आणि ते सभ्यता म्हणून नाहीत. आपल्याला काय काय मिळाले हे ज्याने आठवले नाही त्याला आपण काय वाया घालवले हे समजणार नाही. इग्नेशियस यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरले, आणि ही शिस्त आपल्या किनाऱ्यावर तेव्हापासून आहे. कुमसाराच्या, म्हणजे पाद्रीपुढे पापे कबूल करण्याच्या, रांगेत उभे राहणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असेलच असे नाही, पण त्या रांगेमागचा विचार हाच आहे.

स्तुती आधी का, याचे कारण मापाशी निगडित आहे. माणूस स्वतःला मोजायला निघाला की हाताशी येईल ते माप उचलतो, आणि सर्वांत हाताशी असतो तो शेजारी. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, प्रार्थनेची सुरुवात आभारानेच करतो: देवा, मी तुझे आभार मानतो. त्याने आत्मपरीक्षणही केले आहे. आठवड्यातून दोन उपास, उत्पन्नाचा दशांश, असा हिशेब त्याच्याकडे तयार आहे. म्हणजे आपल्या वादातल्या दोन्ही बाजूंचा माल त्याच्या एकाच प्रार्थनेत आहे! बिघडले ते मधल्या वाक्यात. मी इतरांसारखा, या जकातदारासारखा नाही, याबद्दल तो आभार मानतो. त्याची नजर देवाकडे गेलीच नाही, ती शेजारी उभ्या असलेल्या माणसावर खिळली. जकातदाराला, लोक ज्याला पापी समजत त्या कर वसूल करणाऱ्याला, मात्र वर बघण्याचेही धैर्य होत नाही, कारण वर कोण आहे हे त्याला पुरते कळले आहे. दोघांतला कोण अधिक भावुक होता, कोणाचा आवाज मोठा होता, कोणाची प्रार्थना लांब होती, हे प्रश्न प्रभू येशूने महत्त्वाचे मानले नाहीत.

आता विरोधी मुद्द्यांकडे येतो. ते पोकळ नाहीत. पहिला असा की पापांगीकार ही निव्वळ पोपटपंची झाली आहे. हे मी मान्य करतो, आणि कोणत्याही रविवारी मागच्या बाकावर बसून कोणालाही ते तपासता येईल. पाळकसाहेब म्हणतात, 'आपण शांतपणे आपापली पापे आठवू या.' सगळे माना खाली घालतात. दोन श्वास होतात न होतात तोच पेटीवाला सूर धरतो, मंडळी एका सुरात 'आम्ही विचाराने, शब्दाने आणि कृतीने' म्हणून टाकते आणि पुढच्या गीताची पाने चाळू लागते. एवढ्या वेळात चष्माही पुसून होत नाही, मग आठवडा कसा आठवणार? पण यावर पापांगीकार काढून टाकणे हा उपाय कसा होतो? प्रभूची प्रार्थनाही आपण पाठ म्हणतो, मनात दुपारच्या जेवणाचा विचार करत म्हणतो, म्हणून ती कोणी काढत नाही. ठरलेले शब्द हे रिकामे भांडे असेल तर त्यात काही घालायला वेळ द्यावा. शिवाय ठरलेल्या शब्दांचा एक गुण पाठांतराला हसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ते मला सोयीची पापे निवडू देत नाहीत. मनानेच प्रार्थना करायला सोडले तर मी माझ्या रागीटपणाबद्दल दर आठवड्याला क्षमा मागेन, कारण रागीट म्हणवून घ्यायला मला फारसे वाईट वाटत नाही. 'जे करायला हवे होते ते केले नाही' हे वाक्य माझ्या तोंडी छापील पुस्तकच घालते.

दुसरा मुद्दा मनाच्या आरोग्याचा. सतत स्वतःला तपासणारा माणूस खचतो, त्याला झोप लागत नाही, त्याला क्षमेवर विश्वास ठेवता येत नाही. हेही खरे आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन लूथर मठात असताना तासन् तास पापनिवेदन करी, उठून गेल्यावर आणखी काही आठवले म्हणून परत येई, आणि तरी त्याला शांती नव्हती. त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्झ यांनी त्याला सांगितले ते हे की स्वतःकडे बघत राहू नकोस, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ. पुढे काय झाले? त्याने 1517 मध्ये मांडलेल्या पंचाण्णव प्रबंधांतला पहिलाच प्रबंध असा की विश्वासणाऱ्याचे सबंध जीवन पश्चात्तापाचे असावे अशी ख्रिस्ताची इच्छा आहे. त्याच लूथरने मंडळीच्या हाती तिच्या स्वतःच्या भाषेतली गीते दिली आणि ख्रिस्ती लोकांना एकत्र गायला शिकवले. म्हणजे यातनेतून सुटल्यावर त्याने झडती सोडली नाही. ती कोणासमोर घ्यायची हे त्याला कळले आणि त्याच्या गळ्यातून गाणे निघाले. खचलेल्या मनाच्या माणसाला एकट्याने स्वतःला उकरत बसू नकोस असे सांगणे हे पाळकाचे कर्तव्यच आहे, आणि गरज असेल तर डॉक्टरकडे पाठवणेही. पण एखाद्याला औषध सोसत नाही म्हणून दवाखाना बंद करत नाहीत.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, आणि तो आपल्या मातीतला आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांतल्या कितीतरी कुटुंबांचे पूर्वज महार-मांग समाजांतून आले. पिढ्यान् पिढ्या त्यांना एकच गोष्ट सांगितली गेली होती: तू अपवित्र आहेस. सावली नको, पाणी नको, देवळाची पायरी नको. अशा माणसाला सुवार्ता म्हणून चर्चमध्ये बोलवायचे आणि तिथेही पहिल्या दहा मिनिटांत 'मी पापी, मी अपात्र' असे म्हणायला लावायचे, हे जुन्याच अपमानाचे नवे रूप नाही का? त्यापेक्षा त्याला मोकळेपणी गाऊ दे, हात उंचावू दे, आपण देवाची लेकरे आहोत हे त्याच्या तोंडून निघू दे. असे म्हणणाऱ्या तरुण मित्रांचे बोलणे ऐकून मी गप्प झालो आहे. पापाची भाषा दुबळ्यांना दाबण्यासाठी वापरली गेली आहे, मंडळ्यांमध्येही, विशेषतः बायकांच्या बाबतीत. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'तू आधी तुझे मन तपास' असे सांगणारे लोक आपण पाहिले आहेत. ते आत्मपरीक्षण नव्हे. तो अत्याचार आहे आणि तो थांबलाच पाहिजे.

पण या युक्तिवादात एक गल्लत आहे. जन्माने चिकटवलेला कलंक आणि स्वतः केलेले पाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ख्रिस्ती आत्मपरीक्षणाचे पहिले काम त्या वेगळ्या करणे हे आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट करून विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? येशू म्हणतो, याच्याही नाही आणि आईबापांच्याही नाही. लोकांनी त्या माणसावर आयुष्यभर लादलेला गुन्हा एका वाक्यात खारीज झाला. देवापुढची झडती फक्त दोष काढते असे कोणी सांगितले? ती निर्दोषही सोडते. समाजाने माझ्या खात्यावर मांडलेले जे माझे नव्हते, ते तिथे पुसले जाते, आणि उरते ते फक्त माझे.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे घडले ते या नजरेने पाहायला हवे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून, रस्त्यांवरून, सासरच्या छळातून सोडवून आणलेल्या मुली आणि बायका तिथे होत्या. त्यांत बालविधवा होत्या, आणि नवरा मेला तो तुझ्याच पूर्वजन्मीच्या पापाने, असे त्यांना लहानपणापासून ऐकवले गेले होते. त्या वर्षाच्या सुरुवातीला रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. जूनअखेरीस संजीवनाची, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची, लाट उसळली. मुली रडून आपापली पापे कबूल करू लागल्या, आणि त्या रडण्यातूनच गाणे, टाळ्या, आनंद सुरू झाला. बाहेरच्या काहींना तो गोंगाट वाटला, पण रमाबाईंनी तो दडपला नाही. प्रश्न असा की जिच्यावर जगाने एवढा अन्याय केला तिने कशाची क्षमा मागायची? मला वाटते, तिने नवऱ्याच्या मरणाची क्षमा मागितली नाही हीच मोठी गोष्ट आहे. शेजारणीशी केलेली लबाडी, मनात धरलेला दावा, अशी स्वतःची म्हणण्याजोगी पापे ती पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलू शकली. ज्याला अपराध करता येतो त्याला स्वतःची इच्छा असते, आणि जिला तोवर कोणी इच्छा असलेली व्यक्ती मानलेच नव्हते तिच्यासाठी ही कबुली म्हणजे मान होता. रमाबाईंचा स्वतःचा प्रवासही असाच होता. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आपल्याला धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना उमगले आणि 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी ते उघड लिहिले. एवढ्या विदुषीने, एवढ्या नावाजलेल्या बाईने ते लिहिण्याची काय गरज होती? कोणी मागितले नव्हते.

आणि 'प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावे' ही प्रेषित पौलाची आज्ञा मुळात कोणाला आहे, ते पाहू. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, आधी आपण दर वेळी करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचतो, पण आज्ञेच्या अलीकडच्या ओव्या सोडून वाचतो. करिंथात मंडळी एकत्र जेवायची. सुखवस्तू लोक लवकर येऊन खाऊन-पिऊन मोकळे होत, आणि नंतर येणाऱ्यांना, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना, उपाशी राहावे लागे. पौल विचारतो, तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय? आत्मपरीक्षणाची आज्ञा या प्रश्नाच्या पाठोपाठ येते, म्हणजे तिचा रोख भरल्या पोटाच्या माणसाकडे आहे. मेजावर आधी हात घालणाऱ्याने स्वतःला तपासायचे आहे. आपण तिचा अर्थ एवढा आकुंचित केला की आता ती तंबाखू खाणाऱ्या आणि सिनेमाला जाणाऱ्यांपुरती उरली आहे. हिंदुस्थानच्या चर्चमध्ये हा प्रश्न नवा नाही. दक्षिणेत प्रभुभोजनाच्या वेळी जातींच्या बैठकी वेगळ्या, पंगती वेगळ्या, असे चालत असताना 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा असा आदेश काढला, तेव्हा कितीजण चर्च सोडून गेले. ते लोक स्तुती करत नव्हते काय? करत होते, सुरात करत होते.

म्हणून पापांगीकार काढून टाका असे म्हणणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे की त्याने दुबळ्याचे ओझे हलके होणार नाही. सुटेल तो बलवान. उपासनेतली ती एकच जागा आहे जिथे ट्रस्टचा अध्यक्ष, निवृत्त कलेक्टर आणि चर्च झाडणारी मावशी एकच वाक्य एकाच वेळी म्हणतात. गाण्यात पुढचे-मागचे असतात, माईक कोणाच्या तरी हातात असतो. पापांगीकारात कोणाच्या हातात माईक नसतो.

आत्मपरीक्षण फक्त खासगी पापांपुरते ठेवले तर काय होते, याचा धडा आफ्रिकेने फार मोठी किंमत देऊन दिला. 1930 च्या दशकात रवांडातील गाहिनी इथून पूर्व आफ्रिकेतल्या संजीवनाची सुरुवात झाली. लोक सभेत उभे राहून चोरी, व्यभिचार, दारू, वैर कबूल करत, आणि प्रत्येक कबुलीनंतर सारी सभा येशूच्या स्तुतीचे एक छोटे गीत म्हणे. स्तुती आणि कबुली इतकी एकजीव क्वचितच कुठे झाली असेल, आणि त्यातून शेकडो मोडलेली घरे सांधली गेली हे खरे. पण त्याच रवांडात, बहुसंख्य लोक बाप्तिस्मा घेतलेले असताना, 1994 मध्ये सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सींची कत्तल झाली. न्तारामा, न्यामाता इथल्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या लोकांना तिथेच मारले गेले. काही विश्वासणाऱ्यांनी जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना लपवले, त्यांना मी विसरत नाही. तरी विचारायलाच हवे की हुतू आणि तुत्सी या तिथल्या दोन समाजांतल्या वैराची गाठ त्या पिढ्यांच्या कबुलीत किती वेळा आली होती? यशयाने 'अशुद्ध ओठांचा माणूस' म्हणून वाक्य संपवले नव्हते. अशुद्ध ओठांच्या लोकांत मी राहतो, हेही त्याने म्हटले होते.

याउलट 1945 च्या ऑक्टोबरात स्टुटगार्टला जर्मनीच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या पुढाऱ्यांनी युद्धानंतर आपला दोष कबूल केला, तो मजकूर मला महत्त्वाचा वाटतो. आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक आनंदाने विश्वास ठेवला नाही, अधिक उत्कटपणे प्रेम केले नाही, असे त्यांनी स्वतःवर आरोप ठेवले. ज्यूंचे नाव त्यात नाही, आणि ही त्या कबुलीतली मोठी उणीव आहे. पण तिसरा आरोप पुन्हा वाचा. आनंदाने विश्वास न ठेवणे हे त्यांनी पापांच्या यादीत घातले आहे. हिटलरच्या सभांमध्ये गाणी, झेंडे, जल्लोष होता. ज्याच्या मनात देवाविषयीचा आनंद विझला होता त्याला तो जल्लोष सहज ओढून नेऊ शकला. गाणे छाटू पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या ओळीचा विचार करावा. रुक्ष उपासनेत वाढलेली मुले गाणे सोडत नाहीत, ती दुसऱ्या कोणाचे तरी गाणे गाऊ लागतात.

शेवटी एक व्यवहारी हरकत उरते: झडतीच्या गोष्टी केल्या की लोक दुसऱ्या सभांना जातात, जिथे सगळा आनंदच आनंद असतो. जात असतील. पण त्या आनंदाचा अनुभव ज्याने खरोखर घेतला त्याला हिशेब नकोसा वाटतो, हे मला पटत नाही. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय येशूला बघायला चढलेल्या झाडावरून उतरला तो आनंदाने. येशूने त्याला एक शब्द विचारला नव्हता, फक्त तुझ्या घरी राहायचे आहे म्हटले होते. बाहेर लोक कुरकुरत असताना त्याने उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट, असे आकडे सांगितले. आपल्याकडच्या साक्षींमध्ये नोकरी लागली, व्हिसा मिळाला, ताप उतरला हे ऐकू येते, आणि देवाचे आभार त्यासाठीही मानायचेच. पण भावाचा बांध कोरला होता तो परत सरकवून दिला, अशी साक्ष शेवटची कधी ऐकली?

आमच्याकडच्या जुन्या पाळकांची एक पद्धत होती. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात ते घरोघरी फिरत, चहा घेत आणि कोण कोणाशी बोलत नाही ते विचारत. बांधावरून अबोला धरलेल्या भावांना समोरासमोर बसवत, आणि समेट झाला नाही तर या खेपेला मेजाकडे येऊ नका असे सरळ सांगत. वेदीशी आपले दान ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन त्यांनी शब्दशः घेतले होते. ती पद्धत परत आणावी. उपासनेत गाणे अर्धा तास चालू द्या, पाऊण तास चालू द्या, ड्रमसकट चालू द्या. त्यानंतर पाळकसाहेबांनी पापे आठवायला सांगितले की पेटी आणि कीबोर्ड दोन्ही बंद राहू द्या, मंडळीला ती शांतता जड वाटू लागेपर्यंत. आणि घरोघरची विचारपूस पंचमंडळीपासून सुरू करा, कारण मंडळीच्या जमिनीवरून एकमेकांवर दावे लावून कोर्टात तारखांना जाणारे आणि रविवारी एकाच मेजाशी गुडघे टेकणारे लोक तिथे आहेत.